जुनी फाइल उघडली की नुसती चिन्हेच दिसतात? आधी ती चिन्हे नीट बघा

वर्डमध्ये जुनी फाइल उघडली आणि मजकुराऐवजी गिचमीड दिसली, तर सगळ्यात आधी एक पथ्य पाळा: ती सेव्ह करू नका. बंद करताना 'बदल सेव्ह करायचे का' असे विचारले तर 'नाही' म्हणा. अशा फाइलींमध्ये बहुतेक वेळा मूळ मजकूर शाबूत असतो, फक्त तो कसा वाचायचा हे प्रोग्रामला कळलेले नसते. गिचमीड दिसत असताना सेव्ह केले, की प्रोग्राम स्वतःचा चुकीचा अंदाज फाइलमध्ये कायमचा लिहून टाकतो. माझ्याकडे येणाऱ्या फाइलींपैकी ज्यांचे पुढे काहीच करता येत नाही, त्यातल्या बऱ्याच अशा 'उघडून, बघून, सेव्ह करून' बिघडलेल्या असतात.

म्हणून फाइलची प्रत काढा, मूळ फाइलला 'रीड ओन्ली' (फक्त वाचण्यापुरती) करा आणि पुढचे सगळे उद्योग प्रतीवर करा. फाइल जुन्या फ्लॉपीवर किंवा सीडीवर असेल तर ती तिथूनच उघडत बसू नका. आधी हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. थकलेले माध्यम किती वेळा वाचू देईल याचा भरवसा नसतो. कॉपी करताना फाइलची 'शेवटचा बदल' ही तारीख टिपून ठेवा, ती नंतर कामाला येते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची फाइल असेल तर वर्डस्टार किंवा वर्डपरफेक्ट या जुन्या लेखन-प्रोग्रामांचा संशय घ्यायचा. १९९७ ते २००६ मधली असेल तर बहुधा वर्डचा जुना प्रकार 'डॉक'. २००७ नंतरची असेल तर त्याचा नवा प्रकार 'डॉकएक्स'.

दुसरे बघायचे ते नाव आणि आकार. हे फार साधे वाटते, पण यातच अनेक प्रकरणे मिटतात. वर्ड एखादी फाइल उघडतो तेव्हा शेजारी एक छोटी लपलेली फाइल तयार करतो. तिचे नाव नागमोडी रेघ आणि डॉलर या चिन्हांनी सुरू होते आणि पुढे मूळ फाइलचेच नाव असते, लांब नावाची पहिली एक-दोन अक्षरे तेवढी गळलेली. वीज गेली, वर्ड अडकला, की ती मागे राहते आणि बॅकअपमध्ये जाऊन बसते. आजच्या वर्डमध्ये ती १६२ बाइटची असते आणि तिच्यात फाइल कोण वापरत होते त्याचे नाव सोडून काही नसते. मॅकवरून पेनड्राइव्हवर कॉपी केल्यावर असाच दुसरा सोबती येतो, त्याच्या नावाआधी टिंब आणि अधोरेष असते. या दोन्ही फाइली उघडल्या की चिन्हेच दिसणार, कारण त्यांत तुमचा मजकूर कधी नव्हताच. पन्नास पानांचा प्रबंध काही शेकडा बाइटांत मावत नाही. खरी फाइल त्याच फोल्डरमध्ये किंवा दुसऱ्या बॅकअपमध्ये शोधा.

आकार ठीक असेल तर आता त्या चिन्हांकडे बघा. लोक इथे घाई करतात. 'काहीतरी भलतेच दिसतेय' एवढे म्हणून एकामागून एक रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवत सुटतात. पण भलत्याचेही प्रकार असतात आणि प्रत्येक प्रकार वेगळ्या बिघाडाकडे बोट दाखवतो.

एकसारख्या रिकाम्या चौकटी दिसत असतील तर निश्चिंत व्हा. अक्षरे आहेत, ती काढून दाखवणारा फॉन्ट तुमच्या यंत्रावर नाही. रोमन अक्षरे, कंस, अर्धविराम यांची भेसळ दिसते, पण मध्ये जागा सोडलेली आहे, परिच्छेद, ठळक मथळे, तक्ते जागच्या जागी आहेत, तर तो जुन्या देवनागरी फॉन्टमधला मजकूर. मराठी फाइलींत हाच प्रकार सगळ्यात जास्त भेटतो, त्याकडे सविस्तर वळू. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' दर दोन-तीन चिन्हांनी परत परत येत असेल, तर युनिकोड (सगळ्या लिप्यांना सामावणारी आजची पद्धत) मजकूर चुकीच्या एन्कोडिंगने, म्हणजे बाइटांवरून अक्षर ओळखण्याच्या चुकीच्या कोष्टकाने, वाचला गेला आहे. पानभर चिनी अक्षरे उमटली तर बहुधा एकेका बाइटचा साधा मजकूर दोन-दोन बाइटांच्या जोड्या करून वाचला गेला आहे. उघडताना एन्कोडिंग बदलले की तो सरळ होतो. आणि चौकटी, आकडे, उच्चारचिन्हांची अक्षरे यांचा नुसता राडा, त्यात कुठेतरी एखादे वाक्य किंवा फॉन्टचे नाव ओळखू येते, असे असेल तर प्रोग्रामने फाइलचा प्रकारच ओळखलेला नाही.

या शेवटच्या प्रकारापासून सुरू करू.

फाइलचा खरा प्रकार तिच्या नावामागच्या शेपटीवरून (टिंबानंतरच्या 'डॉक' वगैरे अक्षरांवरून) कळत नाही. शेपटी कुणीही बदलू शकते आणि जुन्या काळी तर लोक मनाला येईल ती लावत. खरी ओळख पहिल्या काही बाइटांत असते. फाइलची प्रत नोटपॅडमध्ये उघडा आणि फक्त पहिली ओळ बघा. सुरुवातीला 'पी' आणि 'के' ही मोठी रोमन अक्षरे असतील तर ती झिप पद्धतीची फाइल, म्हणजे डॉकएक्स किंवा लिबरऑफिस या वर्डसारख्याच प्रोग्रामची ओडीटी. महिरपी कंस, उलटी तिरकी रेघ आणि 'आरटीएफ' असेल तर रिच टेक्स्ट. टक्क्याची खूण आणि 'पीडीएफ' असेल तर अर्थातच पीडीएफ, फक्त शेपटी चुकलेली. एका विचित्र चिन्हामागे 'डब्ल्यूपीसी' असेल तर वर्डपरफेक्ट. पोटात आडवी रेघ असलेला 'डी' आणि त्यापुढे दोन टिंबे डोक्यावर घेतलेला 'आय' दिसला तर जुने डॉक. हेक्स संपादकात, म्हणजे फाइलचे बाइट आकड्या-अक्षरांत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, याच जागी डी, शून्य, सी, एफ, एक, एक, ई, शून्य असे दिसते, आणि ते रोमनमध्ये सलग वाचले तर 'डॉकफाइल' असे भासते. बनवणाऱ्यांनी तेवढी गंमत करून घेतलेली आहे.

प्रकार कळला की शेपटी दुरुस्त करा आणि पुन्हा उघडा. अर्ध्या वेळा काम इथेच संपते. वर्ड ९५ किंवा त्याआधीच्या फाइली आजचा वर्ड सुरक्षेच्या कारणाने अडवू शकतो. 'ट्रस्ट सेंटर'मधल्या 'फाइल ब्लॉक सेटिंग्ज'मध्ये जाऊन तेवढ्यापुरती परवानगी देता येते. मी मात्र त्या भानगडीत पडण्याआधी लिबरऑफिस वापरून बघतो. तो फुकट आहे, आणि वर्डपरफेक्ट, मायक्रोसॉफ्ट वर्क्स, लोटस वर्ड प्रो, जुन्या मॅकवरचे क्लॅरिसवर्क्स अशा विस्मृतीत गेलेल्या प्रकारांची त्याला चांगली जाण आहे. जुन्या फाइलींच्या बाबतीत तो वर्डपेक्षा जास्त सहनशील आहे, असे माझे मत आहे.

डॉकएक्स उघडतच नसेल तर तिच्या प्रतीची शेपटी 'झिप' करा आणि सेव्हन-झिपने उघडा. आत 'वर्ड' नावाचा फोल्डर असतो आणि त्यात 'डॉक्युमेंट' नावाची एक्सएमएल फाइल. तुमचा मुख्य मजकूर त्या एका फाइलीत असतो, मांडणीच्या खुणांमध्ये विखुरलेला. झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते; त्यामुळे कॉपी अर्धवट तुटली की आतला मजकूर असूनही फाइल 'खराब' म्हणून नाकारली जाते. अशा वेळी झिप दुरुस्त करणारे साधन चालवले तर निदान मजकूर हाती लागतो.

जुन्या डॉकमधून मजकूर उपसायचा असेल तर वर्डच्या उघडण्याच्या चौकटीत 'ओपन अँड रिपेअर' आहे, आणि अनेक आवृत्त्यांत 'रिकव्हर टेक्स्ट फ्रॉम एनी फाइल' हा पर्यायही मिळतो. लिनक्सवर 'अँटीवर्ड' आणि 'कॅटडॉक' हेच काम करतात. उपसलेल्या मजकुरात एक चमत्कारिक गोष्ट दिसू शकते: कधीच काढून टाकलेली वाक्ये परत आलेली असतात आणि परिच्छेदांचा क्रम उलटसुलट असतो. जुन्या वर्डमध्ये 'फास्ट सेव्ह' नावाची सोय होती. वेळ वाचवण्यासाठी ती पूर्ण फाइल नव्याने न लिहिता फक्त बदल शेवटी चिकटवत असे, आणि खोडलेला मजकूर फाइलमध्ये तसाच पडून राही. त्यामुळे असा उपसलेला मजकूर न वाचता कुणाला पाठवू नका. कराराच्या मसुद्यात आधी कोणता आकडा होता, हे समोरच्याला कळायला नको असते.

वर्डस्टारची ओळख वेगळी आहे. त्याच्या बहुतेक फाइलींना सुरुवातीची खूण नसते, पण इंग्रजी मजकूर जवळजवळ वाचता येतो आणि प्रत्येक शब्दाचे शेवटचे अक्षर तेवढे विचित्र दिसते. १९७८ मध्ये आलेला हा प्रोग्राम ओळी जुळवण्यासाठी शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट खूण म्हणून वापरत असे. त्या अक्षराच्या किमतीतून १२८ वजा केले की मूळ अक्षर मिळते. टिंबाने सुरू होणाऱ्या एकांड्या ओळी म्हणजे समास, पान वगैरेंच्या आज्ञा. त्या खुशाल काढून टाका.

आता जुने देवनागरी फॉन्ट.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण घराघरांतल्या संगणकांवर ती रुळायला बरीच वर्षे गेली. मधल्या काळात श्रीलिपी, सी-डॅकचे फॉन्ट, आकृती, शिवाजी, कृती देव यांनी मराठी छापून दिली. त्यांची युक्ती अशी: संगणकाच्या लेखी फाइलमध्ये रोमन अक्षरेच ठेवायची आणि फॉन्टमध्ये त्या जागी देवनागरीचे तुकडे काढायचे. कृती देवमध्ये 'मराठी' लिहिलेले असेल आणि फॉन्ट नसेल, तर पडद्यावर रोमन ई, जे, के, मोठा बी, एच दिसतात. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, मोठा बी म्हणजे ठ, एच म्हणजे दुसरी वेलांटी. फाइलला काहीही झालेले नाही. रिकव्हरीचे कुठलेही सॉफ्टवेअर इथे उपयोगाचे नाही, कारण रिकव्हर करण्याजोगे काही बिघडलेलेच नाही.

गिचमीडवर कर्सर ठेवा आणि वरच्या फॉन्टच्या चौकटीत नाव वाचा. फॉन्ट यंत्रावर नसला तरी वर्ड त्याचे नाव फाइलमध्ये जपून ठेवतो. 'श्री-देव' आणि पुढे आकडा असेल तर श्रीलिपी. 'डीव्ही' ने सुरू होऊन पुढे 'टीटी' असेल तर बहुधा सी-डॅक. नाव आकड्यासकट जसेच्या तसे लिहून घ्या, कारण एकाच घराण्यातल्या दोन फॉन्टांची मांडणी वेगळी असू शकते. नुसते वाचायचे किंवा छापायचे असेल तर तोच फॉन्ट मिळवून बसवा, काम झाले. गिचमीड निवडून तिला आजचा युनिकोड फॉन्ट लावल्याने मात्र काही होत नाही. उलट मूळ फॉन्टचे नाव पुसले जाते आणि तुमच्या हातातला एकमेव धागा जातो.

मजकूर शोधता यावा, दुसरीकडे पाठवता यावा, असे वाटत असेल तर कन्व्हर्टरने तो युनिकोडमध्ये आणावा लागेल. हे काम अक्षरास अक्षर बदलण्याइतके सरळ नसते. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर येते. रफार उलट: जुन्या पद्धतीत अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. चांगला कन्व्हर्टर हा क्रम फिरवतो, टाकाऊ कन्व्हर्टर फिरवत नाही. आधी 'निर्मिती', 'कार्यकर्ता', 'विद्यार्थी' असे शब्द असलेला एकच परिच्छेद देऊन बघा. तो नीट उतरला तरच पूर्ण फाइल द्या.

यात तीन खड्डे आहेत. मजकुरात मध्येच खरे इंग्रजी शब्द असतील तर कन्व्हर्टर त्यांचीही देवनागरी गिचमीड करतो. म्हणून वर्डच्या शोधण्याच्या चौकटीत फॉन्टचे नाव देऊन फक्त त्या फॉन्टचा मजकूर निवडा आणि तेवढाच बदला. दुसरा खड्डा ऑटोकरेक्टचा. जुना फॉन्ट बसवून त्याच फाइलमध्ये टंकलेखनाच्या दुरुस्त्या करायला बसलात, तर वर्ड वाक्याचे पहिले अक्षर कॅपिटल करतो आणि सरळ अवतरणचिन्हे वळवतो. त्याच्या दृष्टीने हे इंग्रजी आहे. तुमच्या दृष्टीने मात्र अक्षरच बदलते. आधी ते बंद करा. तिसरा खड्डा फसवा आहे: काही फॉन्ट 'चिन्ह' प्रकारचे असतात आणि वर्ड त्यांची अक्षरे युनिकोडच्या खासगी विभागात नेऊन ठेवतो. वर्डमध्ये सगळे ठीक दिसते, पण कन्व्हर्टरमध्ये चिकटवले की नुसत्या चौकटी, आणि साधा मजकूर म्हणून सेव्ह केले की नुसती प्रश्नचिन्हे. अशा वेळी थेट डॉकएक्स फाइल घेणारा कन्व्हर्टर शोधा, किंवा एखादा मॅक्रो लिहून प्रत्येक अक्षर आधी मूळ क्रमांकावर आणा.

राहिला तिरकी रेघवाला 'ए'. यूटीएफ-८ या युनिकोडच्या नेहमीच्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा तीन बाइटांची असते. पहिला बाइट कायम तोच, दुसरा दोनपैकी एक. प्रोग्रामने हे पश्चिम युरोपीय एन्कोडिंग समजून वाचले की पहिला बाइट तो 'ए' होतो. दुसऱ्याचे, व्यंजने, काना आणि पहिली वेलांटी यांच्यासाठी, चार काड्या फुटलेल्या गोलासारखे चलनचिन्ह होते. आणि दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, पाय मोडण्याची खूण यांच्यासाठी येनचे चिन्ह. फाइल साधा मजकूर असेल तर उपाय सोपा: वर्डच्या 'अॅडव्हान्स्ड' पर्यायांत 'उघडताना फाइलच्या रूपांतराची खात्री करा' अशा अर्थाची सोय चालू करा, फाइल पुन्हा उघडा आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. लिबरऑफिसमध्ये फाइलचा प्रकार 'टेक्स्ट – चूज एन्कोडिंग' निवडला की हाच प्रश्न तो विचारतो.

पण ती गिचमीड आधीच कुणीतरी सेव्ह केली असेल, तर एन्कोडिंग बदलून काही हलत नाही. मग पावले उलटी टाकावी लागतात: मजकूर नोटपॅड प्लस प्लसमध्ये चिकटवायचा, त्याचे 'एएनएसआय'मध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ एन्कोडिंगमध्ये, रूपांतर करायचे, आणि मग तो यूटीएफ-८ आहे असे समजून वाचायला सांगायचे. तुमच्या यंत्राचे मूळ एन्कोडिंग विंडोज-१२५२, म्हणजे तेच पश्चिम युरोपीय, असेल तर मजकूर बराचसा परत येतो. बराचसा म्हणायचे कारण असे, की त्या एन्कोडिंगमध्ये पाच जागा रिकाम्या आहेत आणि त्या नेमक्या आपल्याला नडतात. ँ, ए, ऐ, झ, पहिला उकार आणि पाय मोडण्याची खूण यांचे तिसरे बाइट त्या रिकाम्या जागांवर पडतात आणि वाटेत गळू शकतात. शिवाय ठ चा तिसरा बाइट 'न तुटणारी जागा' होतो, जी कुणीतरी साधी जागा करून टाकते; भ चा 'मऊ जोडरेघ' होतो, जी दिसतच नाही. म्हणून दुरुस्त केलेल्या मजकुरात 'मराठी'चा ठ गायब असतो आणि सगळी जोडाक्षरे फुटलेली असतात.

हे गळलेले बऱ्याच अंशी भरून काढता येते, मात्र उलटवण्याआधी. चलनचिन्हानंतर साधी जागा असेल तर तिथे ठ होता. त्या ठिकाणी न तुटणारी जागा परत घाला. येनच्या चिन्हानंतर काहीच नसेल तर तिथे उकार होता किंवा पाय मोडलेला होता. दोनच शक्यता असल्याने शब्द बघून ठरवता येते. पायथन येत असेल तर 'एफटीएफवाय' ही लायब्ररी हे काम पुष्कळ समजुतीने करते; लांब मजकुराला मी तीच वापरतो.

आता जिथे हात टेकावे लागतात ती प्रकरणे. मजकुराच्या जागी खरोखरची प्रश्नचिन्हे असतील, म्हणजे हेक्स संपादकातही तिथे प्रश्नचिन्हाचाच बाइट असेल, तर मूळ अक्षर त्या फाइलमधून गेलेले आहे. हेक्समध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्येच असतील तर फाइलचे फक्त नाव आणि आकार उरला आहे. दोन्ही ठिकाणी दुसरी प्रत शोधणे एवढेच हाती असते: ईमेलला जोडलेली, दुसऱ्याला पाठवलेली, छापलेली. तिसरे प्रकरण पासवर्डचे. पासवर्ड लावलेली डॉकएक्स 'पीके' ने सुरू होत नाही, जुन्या डॉकच्याच खुणेने सुरू होते, आणि आतला भाग कूटबद्ध असतो. शेपटी बदलून किंवा मजकूर उपसून तिथे काही निघणार नाही. वर्डमध्ये उघडून पासवर्डच द्यावा लागतो. आणि एकाच दिवशी सगळ्याच फाइली अशा झाल्या असतील, त्यांच्या शेपट्याही अनोळखी असतील, तर हे जुन्या फॉन्टचे प्रकरण नाही, खंडणीखोर व्हायरसचे आहे. ते यंत्र आधी नेटवर्कपासून तोडा.

मजकूर परत आला तरी तो वाचून घ्या. मराठीसाठी काही ठिकाणे ठरलेली आहेत. हिंदीसाठी बनवलेले कन्व्हर्टर 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा ऱ ओळखत नाहीत आणि त्याचा रफार करून टाकतात. 'दुसर्या' असे शोधून ते पकडता येतात. ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, त्यामुळे कन्व्हर्टर ते कधी एकसंध देतो, कधी अ वर चंद्र ठेवून. दिसायला दोन्ही सारखे, पण एक शोधले तर दुसरे सापडत नाही. पूर्ण फाइलमध्ये एकच ठेवा. आकडे सगळ्यात शेवटी आणि सावकाश तपासा. चुकलेला शब्द डोळ्याला खुपतो, पण तारखेतला किंवा रकमेतला बदललेला आकडा तितकाच खरा वाटतो आणि कुठलाही शब्दलेखन तपासनीस त्याला हरकत घेत नाही. छापील प्रत कुठे असेल तर ती समोर ठेवून आकडे एकेक करून जुळवा.